चमचा, ओढणी, खोका, चिंचोके: मुलांच्या कल्पनेच्या खेळासाठी घर कसं लावावं

माझ्या नातीच्या चौथ्या वाढदिवसाला बॅटरीवर चालणारं स्वयंपाकघर भेट आलं. बटण फिरवलं की लाल दिवा लागायचा, कुकरची शिट्टी व्हायची, नळाखाली पाणी पडल्याचा आवाज यायचा. दोन दिवस घरभर शिट्ट्या ऐकू आल्या. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघर भिंतीशी तसंच राहिलं आणि नात त्याच्या खोक्यात जाऊन बसली. खोक्याची झाकणं बाहेर दुमडली, खांद्याला माझी पर्स अडकवली आणि माझ्यापुढे हात करून म्हणाली, "सुट्टे द्या." मी दोन चिंचोके दिले. एक तिने परत केला, पेपराचा कपटा फाडून तिकीट म्हणून हातावर ठेवला आणि ओरडली, "पुढे सरका, पुढे सरका." एरवी मला 'अगं आजी' म्हणणारी मुलगी कंडक्टर झाल्याबरोबर 'द्या' आणि 'सरका'वर आली होती. संध्याकाळपर्यंत तो खोका आधी विहीर झाला आणि मग मांजरीची बाळंतिणीची खोली.

मी २६ वर्षं बालवाडीत शिकवलं आणि हे असं पुन्हा पुन्हा पाहिलं. कुकरने स्वतःच शिट्टी मारली की मुलाला मारायला शिट्टी उरत नाही. खोक्याला स्वतःचं काहीच येत नाही, म्हणून सगळं मुलाला करावं लागतं. आवाज काढायचा, माणसं ठरवायची, गोष्ट पुढे न्यायची, सगळं त्यानेच. ज्या वस्तूचा आज एक आणि उद्या दुसरा उपयोग होतो तिला हल्ली 'ओपन-एंडेड' खेळणं म्हणतात, मी मुक्त खेळणं म्हणते. बाजारात या नावाने महागडे लाकडी संच मिळतात. त्यांची गरज नाही. तुमच्या दोन खोल्यांच्या घरात हा खेळ कसा बसवायचा, ते मी माझ्या अनुभवातून क्रमाने सांगते.

आधी आठवडाभर नुसतं बघा

काही आणू नका, काही टाकूही नका. एक छोटी वही घ्या आणि तीनच गोष्टी लिहा: मुलाने काय उचललं, ते कशाचं काय झालं, किती वेळ चाललं. माझ्या वहीतली एक नोंद अशी होती: "लाटणं. आधी माइक, मग दुर्बीण, मग ओढणीत गुंडाळून बाळ. २५ मिनिटं." दुसरी: "रिमोटची गाडी. ४ मिनिटं." आठ दिवसांच्या अशा नोंदी झाल्या की आपल्या मुलाला कशाची ओढ आहे ते कळतं. काही मुलं सारखी कशात तरी लपत असतात, काही वस्तू इकडून तिकडे वाहतात, काही रांगा लावतात. पुढची निवड या ओढीवरून करायची आहे.

वयाप्रमाणे अपेक्षाही ठेवायला हवी. वर्ष-दीड वर्षाचं मूल भरतं, ओततं, रिकाम्या भांड्यातून खोटं खोटं पाणी पितं. दोनच्या आसपास तेच पाणी ते बाहुलीला पाजतं. अडीच-तीनला एका वस्तूला दुसरी मानायला लागतं, आणि चारनंतर "मी डॉक्टर, तू पेशंट, आणि ही अँब्युलन्स" अशी वाटणी सुरू होते. म्हणून दोन वर्षांच्या मुलापुढे नुसते लाकडाचे तुकडे ठेवले तर ते फेकतं. त्याला खरा कप, खरी वाटी, बाहुलीसारखी दिसणारी बाहुली लागते. वय वाढतं तशी वस्तू खऱ्यासारखी दिसण्याची गरज कमी होत जाते.

खेळणी ओतून काढा आणि तीन ढीग करा

मूल झोपलं असताना घरातली सगळी खेळणी चादरीवर ओता. प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारा: हिचं आणखी काय काय होऊ शकेल? तीन उत्तरं सहज सुचली तर ती पहिल्या ढिगात. एकच उपयोग आहे पण मुलाचा जीव आहे, ती दुसऱ्या ढिगात. मोडकी, सतत बटण दाबायला लावणारी आणि कुणी हात न लावलेली तिसऱ्या ढिगात. तिसरा ढीग एकदम देऊन टाकू नका. पिशवीत भरून माळ्यावर ठेवा आणि महिनाभरात मुलाने आठवणच काढली नाही तर मग द्या. मुलाच्या लाडक्या वस्तू त्याच्या पाठीमागे वाटून टाकणं मला पटत नाही. चार वर्षांच्या पुढच्या मुलाला तर विचारूनच द्यावं.

पहिल्या दोन ढिगांतलंही सगळं एकदम बाहेर ठेवायचं नाही. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळण्यांसह खेळू दिलं होतं. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. माझा बालवाडीतला अनुभवही हाच आहे. लहानग्यांसाठी चार-पाच वस्तू आणि मोठ्यांसाठी दोन-तीन टोपल्या बाहेर ठेवा. दर दोन-तीन आठवड्यांनी एखादी आत टाका, एखादी बाहेर काढा. परत आलेली जुनी टोपली मुलं नव्यासारखी उघडतात.

गोळा काय करायचं

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोट्स्कीने १९३३ च्या एका व्याख्यानात म्हटलं होतं की काठीचा घोडा होतो, पण पोस्टकार्डाचा होत नाही. काठीवर मांड टाकून पळता येतं, पोस्टकार्डावर येत नाही. वस्तू निवडताना मला हे फार उपयोगी पडतं. मुलाला तिच्यावर बसता, तिच्यात शिरता, तिला पांघरता, कवेत धरता, रचता, ओतता आलं पाहिजे. शरीराला करण्यासारखं काही असेल तरच कल्पनेला धरायला आधार मिळतो.

कापडापासून सुरुवात करा. जुन्या सुती साडीचे मीटर-मीटरचे चार-पाच तुकडे फाडा, कडांना टीप मारा. एक हिरवा, एक निळा, एक पांढरा, एक जरीकाठाचा ठेवा. निळ्याची नदी होते, पांढऱ्याचा डॉक्टरचा कोट, जरीकाठाचा राजा आणि नवरी दोन्ही. तीन वर्षांखालच्यांना मात्र लांब ओढणी देऊ नका, हातभर चौकोनी रुमालच द्या. सोबत पाच-सहा कपड्यांचे चिमटे ठेवा, कारण दोन खुर्च्यांवर चादर टाकली की ती सारखी घसरते आणि मुलं रडकुंडीला येतात. चिमटे लावले की तंबू उभा राहतो.

खोक्यांसाठी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला सांगून ठेवा. मूल आत बसेल असा एक मोठा आणि चपलांचे सात-आठ, एवढे पुरतात. आतल्या पिना पकडीने उपसा. खोक्याला खिडकी-दार कापून देऊ नका. मूल मागेल तिथे, मागेल तेवढंच कापा. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे खेळण्यांचं एक संग्रहालय आहे. त्याच्या मानाच्या यादीत २००५ साली पुठ्ठ्याचा खोका आणि २००८ साली काठी दाखल झाली. जगभरातल्या मुलांनी पिढ्यानपिढ्या खेळून दिलेला हा दाखला आहे.

एका गोष्टीवर मात्र पैसे खर्च करावेत असं मला वाटतं, ते म्हणजे लाकडी ठोकळे. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली, पुढे तिचंच नाव किंडरगार्टन झालं. त्याने मुलांच्या हाती जे साहित्य दिलं त्यात दोन इंची घनाचे आठ सारखे भाग करून केलेले ठोकळे होते. पुढे न्यूयॉर्कच्या कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने मोठे, १:२:४ प्रमाणातले ठोकळे तयार केले. ती मापं आजही जगभर चालतात आणि आपल्याकडचा कुठलाही सुतार ते करून देईल. त्याला असं सांगा: जाडी साडेतीन सेंटिमीटर, रुंदी सात, आणि लांबी तीन प्रकारची. सात सेंटिमीटरचे १०, चौदाचे २० आणि अठ्ठावीसचे ६. मापं तंतोतंत हवीत हे बजावून सांगा, कारण दोन छोटे मिळून एक मधला आणि दोन मधले मिळून एक लांब व्हायला हवा, म्हणजे पूल डुगडुगत नाही. प्लायवूड नको, त्याच्या कडांच्या चिपा निघतात. कुणाकडे फर्निचरचं काम चालू असेल तर सागाचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. कोपरे गोल करून घ्या, आधी ८० नंबरचा आणि मग १५०च्या आसपासचा पॉलिश पेपर मारा. रंग देऊ नका. बिनरंगाचा ठोकळा भाकरी होतो, मोबाइल होतो, वीट होते. लाल रंगवला की बहुतेक मुलांसाठी तो अग्निशामक गाडीत अडकून पडतो.

भांडीकुंडी आपल्या घरात असतातच. भातुकलीचा संच असेल तर उत्तम. बोळकी, चूल, जातं, सूप, पाटा-वरवंटा असा जुना पितळी किंवा लाकडी संच अजून कुणाच्या माळ्यावर असेल तर तो शोकेसमध्ये ठेवू नका, खाली उतरवा. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी अजून मिळतात. पण तिथली लाकडी फळं-भाज्या घेताना सगळा संच एकदम नको. आंबा आंबाच राहतो. दोन-तीन फळं पुरेत, बाकी बाजार मुलं पानांचा आणि खड्यांचा मांडतात. घरातल्या चमचे, डाव, गाळणी, पत्र्याचे डबे, झाकणं यांचा एक कप्पा मुलांना कायमचा देऊन टाका. स्वयंपाकाच्या वेळी ते पायाशी खेळत बसतात हा वेगळा फायदा.

मग येतात सुट्या बारीकसारीक वस्तू: चिंचोके, सागरगोटे, शंख-शिंपले, गोल खडे, बांगड्या, दोऱ्याची रिकामी रिळं, नारळाच्या करवंट्या, मक्याची कणसं सोलून उरलेली बुरकुंडं. ब्रिटनच्या सायमन निकोल्सनने १९७१ मध्ये मांडलं की एखाद्या जागी हलवता-जोडता येणारे सुटे भाग जितके जास्त, तितकी तिथे काही नवं घडवण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी बिया, खडे, शिंपले, पानं हेच साहित्य वापरत होत्या. महागडी उपकरणं परवडणारी नव्हती आणि मुलांच्या ओळखीचीही नव्हती. आज शहरातल्या पालकांनी त्यांच्याकडून ही गोष्ट जरूर घ्यावी. सुट्या वस्तू मुबलक ठेवा, एकेका प्रकारच्या ३०-४० तरी. एकच सुंदर शंख असेल तर खेळ थांबतो आणि भांडण सुरू होतं.

माती आणि कणिक वेगळ्या जागी ठेवा. पोळ्या लाटताना दिलेला कणकेचा गोळा हे सगळ्यात सोपं. टिकाऊ हवं असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, मोठा चमचाभर तेल आणि पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळा. निम्म्यात हळद घाला, निम्मी पांढरी ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, आठवडाभर राहते. मीठ फार असतं, म्हणून खाऊ देऊ नका. गणपतीनंतर उरलेली शाडू माती डब्यात ओल्या फडक्याखाली ठेवली तर तीही पुष्कळ दिवस चालते. साच्यांची गरज नाही. साचा दिला की दहा मिनिटांत दहा चांदण्या होतात आणि खेळ संपतो.

शेवटी एक बाहुली. कापडाची, साध्या चेहऱ्याची. डोळे, नाक आणि अगदी लहानसं तोंड, एवढंच. रुंद हसू शिवलेली बाहुली आजारी पडू शकत नाही, रुसूही शकत नाही.

सुरक्षिततेची नळी घरीच करा

हा भाग घाईत वाचू नका. जुन्या पत्रिकेच्या जाड कागदाची साडेपाच सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, तिच्या लांबीत बरोबर १० सेंटिमीटर मोजून टोकाला टोक भिडवून चिकटवा. सुमारे ३.२ सेंटिमीटर आतल्या मापाची नळी तयार होते. खेळण्यांच्या तपासणीत लहान वस्तू ओळखण्यासाठी वापरतात त्या नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, तेवढीच ही. जी वस्तू हिच्यात पूर्ण जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागता कामा नये. दहा रुपयांचं नाणं जातं, चिंचोका जातो, गोटी जाते, पाण्याच्या बाटलीचं बूचही जातं. मोठं भावंड असेल तर त्याच्या सुट्या वस्तू धाकट्याच्या हाताबाहेर, झाकणाच्या डब्यात. तीन वर्षं झाली म्हणून धोका एकदम संपत नाही. वस्तू तोंडात घालणारं मूल असेल तर आणखी थांबा. हरभरे, वाटाणे मुलं नाकात घालतात आणि ते आत फुगतात, म्हणून कडधान्य खेळायला देऊच नका.

बिया गोळा करताना तीन झाडं नीट ओळखा. लाल-काळ्या गुंजा, पिवळी फुलं येणाऱ्या बिट्टीच्या बिया आणि एरंडाच्या बिया या तिन्ही विषारी आहेत. आमच्या लहानपणी आम्ही बिट्ट्यांनी अंगणात खेळत होतो, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो. घरातल्या कुठल्याही खेळण्यात बटणासारखे चपटे सेल असतील तर त्यांच्या झाकणाला स्क्रू आहे ना ते आजच बघा. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा, वाट बघत बसू नका. सुटी छोटी लोहचुंबकं, फुटलेले फुगे, प्लॅस्टिकच्या पिशव्या घरातल्या खेळातून बाद.

विकतचं खेळणं घेताना आयएसआयचा शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे त्यांच्या लाकडी खेळण्यांवर तो नसेलही. अशा वेळी रंग कुठला वापरला ते कारागिराला विचारून घ्या आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा.

जागा

एक चटई पुरते. ती रोज एकाच जागी पसरा, भिंतीच्या कडेला, येण्याजाण्याच्या वाटेपासून बाजूला. टोपल्या उघड्या आणि मुलाच्या हाताच्या उंचीवर ठेवा. खाली वेगळं बिऱ्हाड असेल तर ठोकळ्यांसाठी चटईखाली जुनी गोधडी घाला, आवाज पुष्कळ कमी होतो. ओल्या खेळासाठी मोठी परात घ्या: पाणी, वाळू, कणिक, सगळं परातीच्या काठाच्या आत.

वेळ मोकळा ठेवा

पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच घडत नाही. मूल टोपल्या उपसतं, इकडून तिकडे करतं, "काय करू?" म्हणतं. बहुतेक पालक इथेच हात टेकून मोबाइल देतात. त्या वीस मिनिटांत खेळ आत शिजत असतो. म्हणून एका बैठकीला पाऊण ते एक तास सलग हवा. दोन क्लासांच्या मधल्या अर्ध्या तासात हा खेळ उभा राहत नाही. "कंटाळा आला" असं ऐकू आलं तर उपाय सुचवू नका. आपलं काम करत जवळपास राहा. मी त्या वेळी लसूण सोलत बसते. थोड्या वेळाने एक पाकळी उचलली जाते आणि तिचा दात होतो.

आपण काय बोलायचं

ही पायरी सगळ्यात अवघड आहे. एकदा माझ्या साडेचार वर्षांच्या नातवाने चटईवर चमचे ओळीने मांडले होते. मुलगा कामावरून आला, कौतुकाने म्हणाला, "अरे वा, झुकझुकगाडी केलीस का?" नातू "नाही" म्हणाला आणि उठून गेला. खेळ तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी त्याने तेच चमचे पुन्हा मांडले. मी काही बोलले नाही. ओळीपुढे डाव उभा होता. थोड्या वेळाने डाव म्हणाला, "एक साथ, सावधान!" ती शाळेची प्रार्थना होती आणि डाव म्हणजे बाई. एक चमचा मात्र ओळीबाहेर, आडवा ठेवलेला. मी हळूच म्हटलं, "हा एकटाच आहे वाटतं." तो म्हणाला, "त्याने डबा नाही आणला." मग बराच वेळ गप्प. नंतर त्याने दुसऱ्या चमच्यापुढचा एक चिंचोका उचलला आणि आडव्या चमच्यासमोर ठेवला.

त्या दिवशी शाळेत कुणाचा डबा राहिला होता, त्याचा की त्याच्या मित्राचा, ते मी विचारलं नाही. मी "दुसऱ्याला द्यावं हं, शहाणा मुलगा" असं म्हटलं असतं तर तो चिंचोका माझ्यासाठी झाला असता.

यातून मी स्वतःला काही सवयी लावून घेतल्या. वस्तूचं नाव आपण ठरवायचं नाही, दिसतं तेवढंच म्हणायचं: "सगळे ओळीत उभे आहेत." परीक्षा घ्यायची नाही. "हा रंग कुठला? किती चमचे आहेत?" हे खेळाच्या बाहेरचे प्रश्न, ते मुलाला खेळातून ओढून काढतात. बोलावलं तर विचारायचं, "मी कोण होऊ?" आणि दिलेलं सोंग मनापासून वठवायचं. पेशंट केलं तर कण्हा, गिऱ्हाईक केलं तर घासाघीस करा. खेळ अडला असेल तर एखादी अडचण आणून सोडा: "डॉक्टर, लाइट गेली हो." तोडगा मुलाला काढू द्या. आणि दोन-चार वाक्यांनी खेळ पुन्हा चालता झाला की निमित्त काढून उठा.

खेळण्याने गप्प राहण्याचा आपल्या बोलण्यावरही परिणाम होतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १० ते १६ महिन्यांची २६ मुलं आणि त्यांचे पालक यांचं घरातलं बोलणं नोंदवलं होतं. आवाज करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यांसोबत पालक मिनिटाला साधारण ४० शब्द बोलले, साध्या खेळण्यांसोबत ५६ आणि पुस्तकांसोबत ६७. खेळणं बोलायला लागलं की आईबाबा गप्प होतात.

आवरताना

रोज सगळं जागच्या जागी ठेवायला लावलं तर मुलं मोठं काही उभारतच नाहीत. चालू खेळाला एक पाटी लावा, "काम चालू आहे", आणि तो रात्रभर राहू द्या. बाकीचं आवरायचं. दहा मिनिटं आधी सांगा, आणि खेळातल्याच भाषेत सांगितलं तर लवकर आवरतं: "शेवटची बस सुटतेय, डेपोत लावा." टोपल्यांवर अक्षरांऐवजी आतल्या वस्तूचं चित्र चिकटवा.

हमखास येणाऱ्या अडचणी

वाढदिवसाच्या भेटी थांबवता येत नाहीत. आजी-आजोबा, मामा-मावशी प्रेमाने आणतात, त्यांना दुखवू नये. आधीच विचारलं तर सांगा: "ठोकळ्यांत भर घाला, किंवा तुमची जुनी टोपी, चष्म्याची रिकामी फ्रेम, बंद पडलेला फोन द्या." आजोबांची खरी टोपी मुलांना कुठल्याही खेळण्याहून प्रिय असते. फोनमधली बॅटरी मात्र आधी काढून टाका.

कार्टूनमधल्या पात्राच्या बाहुल्यांशिवाय खेळत नाही अशी तक्रार पालक करतात. ती बाहुली काढून घेऊ नका, तिला घर नाही हे दाखवा. शेजारी ठोकळे आणि कापड ठेवलं की बहुतेक मुलं तिच्यासाठी घर, हौद, दवाखाना बांधायला लागतात, आणि हळूहळू टीव्हीवरची गोष्ट मागे पडते.

मारामारीचा खेळ, काठीची तलवार, याची अनेकांना भीती वाटते. मी काठी काढून घेत नाही. तोंडावर मारायचं नाही आणि 'टाइमप्लीज' म्हटलं की थांबायचं, हे दोन नियम आधी ठरवते. नियम मोडला तर तेवढ्या दिवसापुरती काठी वर जाते.

मूल सहा वर्षांचं झालं की "आता हे पुरे, अभ्यासाला लागू दे" सुरू होतं. दुकान-दुकान खेळताना मुलं दहा चिंचोक्यांतून सात देऊन तीन परत घेतात, पाट्या लिहितात, भाव ठरवतात. सहा ते नऊ हे तर या खेळाचं भरात येण्याचं वय. याच वयाच्या मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची रचना करून बघा. ट्यूबच्या तुकड्यांनी गुलाच्या बाजू खरवडलेल्या काड्या जोडत गेलं की त्रिकोण, घर, पूल, झोपाळा होतो. खर्च काही रुपयांचा.

दिवाळीचा किल्ला

वर सांगितलेलं सगळं एका जागी बघायचं असेल तर यंदा मुलांना किल्ला करू द्या, आणि खरोखर त्यांनाच करू द्या. विटा, दगड, फुटक्या कुंड्या, चिखलात बुडवलेलं गोणपाट, चाळलेली माती, एवढं आणून द्या. अळीव पेरायचे ते चार-पाच दिवस आधी, म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवळ तरारते. तयार प्लॅस्टरचा किल्ला विकत आणू नका. नकाशा हवा असेल तर एखाद्या रविवारी मुलांना खऱ्या गडावर न्या, बुरूज आणि चोरदरवाजा हाताने चाचपू द्या, मग घरी आल्यावर काय आठवेल ते त्यांचं.

बुरूज वाकडा झाला तर सरळ करायला हात पुढे करू नका. कोसळला तर "कशामुळे पडला असेल?" एवढंच विचारा. पायथ्याशी प्लॅस्टिकचा डायनोसॉर आणि शेजारी एसटी स्टँड आलं तरी येऊ द्या. आमच्या वाड्यात एका वर्षी मुलांनी किल्ल्यावर नळ बसवला होता, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार मावळ्यांना टँकरचं पाणी पुरत नव्हतं.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडायची वेळ येते. ती मुलांनाच ठरवू द्या. माती कुंड्यांत परत जाते, विटा जिन्याखाली. मातीचे मावळे चपलांच्या खोक्यात कापूस घालून ठेवा. हात मोडलेले वेगळे काढू नका. आमच्याकडे गेल्या वर्षी त्यांचाच दुसऱ्या दिवशी दवाखाना सुरू झाला, आणि मला लसूण बाजूला ठेवून नर्स म्हणून हजर व्हावं लागलं.